पिंपाच्या उजवीकडे

"तिथे म्हणजे कुठे?" असं काकांनी विचारलं की समोरच्याने आधी गप्प बसावं, नीट विचार करावा आणि मगच तोंड उघडावं, हे ठाण्याच्या नौपाड्यात बहुतेकांना माहीत होतं. मला नव्हतं. त्यांच्या फोटो स्टुडिओत नोकरीच्या मुलाखतीला गेले तेव्हा आत शिरता शिरता मी म्हणाले, "छत्री तिथे ठेवलीय हं."

झालं!

"तिथे म्हणजे कुठे? कशाच्या कुठे?"

"कोपऱ्यात."

"खोलीला कोपरे चार."

"दाराजवळच्या."

"दाराजवळ तीन वस्तू आहेत. त्यांच्या कुठे?"

मी सकाळी डोंबिवलीहून उपाशीपोटी आलेले. नोकरीची गरज होती, पण डोकं त्याहून लवकर तापायचं माझं. मी म्हटलं, "झाडूच्या डावीकडे, तुमच्या त्या लोखंडी स्टँडच्या पुढे आणि तुमच्या उजव्या चपलेच्या वर. पाणी सगळं चपलेत जातंय!"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "उद्यापासून या," म्हणाले. माझं नाव विचारलंच नाही. पुढे आठ वर्षं मी तिथे काम केलं आणि आठ वर्षं काका मला "अहो झाडूच्या डावीकडे" अशीच हाक मारत राहिले. गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. आधी मी चिडायची, नंतर ओ द्यायला लागले.

काका म्हणजे आमचे फोटोग्राफर. एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्यांचा स्टुडिओ, आणि त्याच्याच मागच्या दोन खोल्यांत काका-काकू राहायचे. मी निगेटिव्हवरचे ओरखडे पेन्सिलीने झाकायची, प्रिंट काढायची, प्रिंटवरचे पांढरे ठिपके ब्रशने भरायची. आणि वह्या लिहायची. खरं काम वह्यांचंच.

बाकीचे फोटोवाले निगेटिव्ह नावावरून लावायचे, नाहीतर तारखेवरून. काकांना दोन्हीचा तिटकारा. "नाव लग्नात बदलतं. तारीख बायको सांगते ती वेगळी आणि नवरा सांगतो ती वेगळी," ते म्हणायचे. "पण फोटोत आपण कशाशेजारी उभे होतो ते कुणी विसरत नाही. ते विचारा." म्हणून त्यांच्याकडे प्रत्येक निगेटिव्ह बटरपेपरच्या पाकिटात, पाकिटावर नुसता आकडा, आणि रजिस्टरमध्ये त्या आकड्यापुढे एक ओळ. 'टेबलाच्या उजवीकडे आजोबा, आजोबांच्या मागे खिडकी, खिडकीच्या आत मांजर.' कुणाचे आजोबा, कुठल्या साली, काही नाही. मांजर मात्र आहे.

मग त्या ओळीची फोड करून दुसऱ्या वह्या भरायच्या. तिथे प्रत्येक वस्तूचं स्वतःचं पान. मांजराचं, खिडकीचं, कुंडीचं, टेबलफॅनचं, नवरीचं. पानावर सात घरं आखलेली: डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, पुढे, मागे, आत. खिडकीच्या पानावर 'आत'च्या घरात मांजर आणि आकडा. मांजराच्या पानावर 'पुढे'च्या घरात आजोबा आणि आकडा. गिऱ्हाईक आलं की काका विचारणार कशाच्या कुठे, गिऱ्हाईक डोकं खाजवत सांगणार, आणि काका पान काढून त्या घरावरून बोट खाली नेणार. डावं-उजवं म्हणजे बघणाऱ्याचं, हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात.

एकदा कल्याणहून एक जोडपं आलं. त्यांच्या लग्नाचा फोटो पुरात गेलेला. नवरा नाव, तारीख, हॉल सगळं घडाघडा सांगायला लागला. काका म्हणाले, "ते राहू द्या हो. तुमच्या डोक्यावर काय होतं?"

"डोक्यावर? मुंडावळ्या."

"त्याच्या वर?"

नवरा वेड्यासारखा छताकडे बघायला लागला. बायको पटकन म्हणाली, "पंखा! आणि त्याला फुगे लटकवलेले ह्यांच्या भावाने. पंखा लावल्यावर एक माझ्या तोंडावर फुटला."

"फुगा तुमच्या डावीकडून आला की उजवीकडून?"

ह्यावरून दोघांची जी जुंपली! नवरा म्हणे डावीकडून, बायको म्हणे माझं तोंड होतं ते, मला माहीत. दहा मिनिटांत फोटो समोर. फोटोत फुगा बायको म्हणाली त्याच बाजूला. जाताना ती काकांच्या पाया पडली आणि जिन्यात नवऱ्याला म्हणाली ते मला वरपर्यंत ऐकू आलं. ते इथे लिहीत नाही.

लोक हसायचे काकांना, खोटं कशाला बोलू. रस्त्यात कुणी नमस्कार केला की काका म्हणायचे, "तुम्ही ना? कुंडीच्या मागे, बहिणीच्या उजवीकडे!" चहा आणला की, "रेडिओच्या पुढे, पेनाच्या डावीकडे ठेवा," आणि बोटभर इकडे झाला तर उचलून जागेवर ठेवून मग प्यायचे. काकूंनी एकदा गंमत म्हणून त्यांचे सगळे सदरे कपाटात वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात ठेवले. काका बिचारे अर्धा तास बनियनवर बसून. काकू मला म्हणायच्या, "माझा वाढदिवस ह्यांना एकदाही आठवला नाही गं. पण बघायला आले तेव्हा मी कंदिलाच्या डावीकडे उभी होते, ते विचार, झोपेतही सांगतील." असं म्हणताना त्या लाजायच्या.

मी घरी जाऊन नकला करायची काकांच्या. पण दुसऱ्या कुणी केली की मला राग यायचा. आमच्या शेजारच्या एकाने "तुझा तो डोक्याने गेलेला म्हातारा" असं म्हटलं, तेव्हा मी त्याच्याशी दोन महिने बोलले नाही. डोक्याने गेलेला! वीसेक हजार निगेटिव्ह होत्या आमच्याकडे आणि मागाल ती काढून देत होतो आम्ही. आम्ही म्हणतेय मी, लक्षात घ्या.

आता मावशींची गोष्ट.

मावशी म्हणजे मार्केटात मासळी विकणाऱ्या मावशी, खाडीकडच्या कोळीवाड्यातल्या. काकूंचं बोंबील-मांदेली सगळं त्यांच्याकडून. एका दुपारी त्या जिना चढून वर आल्या. टोपली खालीच ठेवलेली. बसा म्हटलं तरी बसेनात.

"फोटूवाले, मना माझे आयचा फोटू पायजे."

"कुणाचा?" काका म्हणाले.

"माझे आयचा. आषाढान गेली. घरान एक पन फोटू नाय तिचा. फोटूवाला दिसला का पलायची. माझं थोबार कशाला काढतंव, बोलायची." मावशी पदराने हात पुसत होत्या, हात कोरडेच होते. "एकदाच आली फोटून. माझे मावसबहिनीचे हलदीला. तुमीच काढलेला, मी ह्या डोल्यांनी बगितलाय काढताना."

मी विचारलं, "मग मावसबहिणीकडे अल्बम असेल की."

"छपरातना पानी गललं. सगले फोटू एकमेकांना चिकाटले, लगदा झाला." मग त्या एकदम खाली बसल्या, लादीवरच. "पितरांचे दिवस आले. भावांना फोटू मांडायचाय, ता हायच. पन मना येगली भीती वाटते. परवा पापलेट कापत व्हते, आयची आठवन काढत व्हते, तर तिचं नाकच येईना डोल्यांसमोर. डोले आले, कपाल आला, नाक नाय. लय भ्याले मी. आसं एकेक करून सगली गेली तर?"

मी पाण्याचा तांब्या आणायला उठले. काका मात्र पेन उघडून तयार. "आई कशाच्या कुठे उभी होती?"

मावशींनी डोळे मिटले. "अंगनान पान्याचं पिंप व्हतं. आय पिंपाचे उजवे हाताला, पिंपाला खेटून. डावे हाताला नवरी, पाटावर."

"उजवा हात कुणाचा? आईचा की तुमचा?"

"माझा. मी समोरून बगत व्हते ना."

"मागे काय होतं?"

"मागं कुराची भिंत."

"कुडाची भिंत," असं म्हणत काकांनी लिहून घेतलं आणि खूश झाले. इतकं नेमकं उत्तर त्यांना शिकल्यासवरल्या गिऱ्हाइकांकडून मिळत नव्हतं. छाती काढून म्हणाले, "मावशी, पंधरा मिनिटं बसा. मी काढलेला असेल तर सापडणारच. माझी वही चुकली तर स्टुडिओची खालची पाटी उतरवून ठेवीन!"

पंधरा मिनिटं झाली, तास झाला. ठाणे-कल्याणकडे पाणी भरून ठेवत नाही असं घर शोधूनही सापडायचं नाही, त्यामुळे पिंपाची एकूण चार पानं होती. 'उजवीकडे'च्या घरात बायका एकोणीस. काकांनी एकोणीसच्या एकोणीस पाकिटं काढली, निगेटिव्ह आत दिवा असलेल्या काचेच्या पेटीवर धरल्या. बारसं, मुंज, सत्यनारायण. हळद एकही नाही. 'डावीकडे'च्या घरात नवरी शोधली. नाही. मावशींची टोपली खाली उन्हात तापत होती. "उद्या येते," म्हणून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी काकांनी सगळं पहिल्यापासून केलं. काकू जेवायला हाका मारून थकल्या. मी म्हटलं, "काका, त्या सुमाराच्या आकड्यांचं एकेक पाकीट उघडून बघू या का? मी थांबते हवं तर."

"एकेक पाकीट उघडायचं तर ह्या वह्या कशाला लिहिल्या?" ते इतक्या जोरात ओरडले की बाहेरचं गिऱ्हाईक उठून उभं राहिलं.

तिसऱ्या दिवशी मावशी आल्या तेव्हा काकांनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. म्हणाले, "मावशी, तो फोटो निघालाच नाही. तुम्हाला आठवतोय तो प्रसंग. फोटो नाही."

मावशींनी वादसुद्धा घातला नाही. "मनाच भास झाला आसंल," म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. बाजारात पावशेरासाठी दहा जणींशी भांडणारी बाई ती! तिला स्वतःच्या डोळ्यांवर शंका घ्यायला लावली आम्ही. मला काकांचा असा राग आला की मी त्यांचा चहा मुद्दाम रेडिओच्या मागे ठेवला.

त्याच दुपारी मला एक जुनं झंझट निस्तरायचं होतं. आदल्या आठवड्यात एका गृहस्थांचा फोटो मी मोठा करून दिलेला, आणि ते तो परत घेऊन आलेले. "बाई, माझा भांग ह्या बाजूला नाही. आणि घड्याळ मी उजव्या हातात कधीपासून घालायला लागलो?" चूक माझीच. निगेटिव्हची चकचकीत बाजू वर हवी, मी मंद बाजू वर ठेवून प्रिंट काढलेली. माणूस आरशात दिसतो तसा उलटा आलेला. अंधाऱ्या खोलीत ती निगेटिव्ह परत सरळ लावत होते आणि माझा हात तिथेच थांबला.

मी करू शकते, तर काका?

बाहेर आले. काका आत जरा आडवे झाले होते. मी पिंपाची पानं काढली आणि उलटं बघितलं. 'डावीकडे'च्या घरात बाई, आणि त्याच आकड्याची 'उजवीकडे'च्या घरात नवरी. दोन्ही घरांत येणारा आकडा एकच निघाला. रजिस्टर उघडलं. काकांच्याच अक्षरात, माझ्या येण्याच्या कितीतरी आधीची ओळ: 'पाटावर नवरी, तिच्या डावीकडे पिंप, पिंपाच्या डावीकडे बाई. नवरीच्या उजवीकडे दोन पुरुष. दोघांची घड्याळं उजव्या हातात. भाऊ असावेत.'

भाऊ असावेत! मला हसू आलं आणि रडूही. मी जाऊन काकांना गदागदा हलवलं. खरंच हलवलं.

"काका, उलटी निगेटिव्ह बघून लिहिलंत तुम्ही."

"अशक्य."

"घड्याळं बघा."

"डावखुरे असतील."

"दोघंही? मग त्याच रोलच्या पुढच्या ओळी वाचा. भटजींच्या उजव्या खांद्यावर जानवं लिहिलंय, ते पण भाऊच का?"

काका उठले. निगेटिव्ह पेटीवर ठेवली, मंद बाजू वर ठेवून बघितली, मग चकचकीत बाजू वर केली. परत उलटी, परत सुलटी. मला वाटलं आता ओरडणार. काका स्टुलावर बसले आणि खूप हळू बोलायला लागले. तेव्हा ते पेटी कॅमेरा वापरायचे, वरून खाली वाकून काचेत बघायचा. त्या काचेत डावं उजवीकडे दिसतं आणि उजवं डावीकडे. "हळदीला मी ते असंच बघितलं होतं ना. म्हणून दुसऱ्या दिवशी उलटी धरली तरी मला ओळखीची वाटली. हेच खरं वाटलं," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "त्या बाईला मी सांगितलं, तुम्हाला आठवतोय तो फोटो नाही. तिला बरोबर आठवत होतं. चूक मी केली आणि तिच्या माथी मारली."

पंचवीस वर्षांत काकांनी चूक कबूल केल्याचं काकूंनाही आठवत नव्हतं. त्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"स्टूल खाली घेऊन चला," काका म्हणाले.

पाटी उतरवायला निघालेले! मी आणि काकू दोघींनी त्यांना धरलं. काकू म्हणाल्या, "अहो, वय काय, चढताय काय!" शेवटी तडजोड अशी झाली, की पाटी काढायची नाही, पण पाठमोरी लावायची. निगेटिव्ह उलटी तर पाटी उलटी. काकांनी स्वतः चढून ती फिरवली. संध्याकाळपर्यंत लोक वर येऊन विचारत होते, स्टुडिओ बंद झाला काय? काका प्रत्येकाला सांगत होते, "नाही, माझी चूक झाली आहे म्हणून." कसली ते प्रत्येकाला सगळं समजावून. हे बघून मला त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा वीस हजार निगेटिव्हांनी मिळून वाटला नव्हता. उघड सांगते.

प्रिंट मी काढली. काढताना म्हटलं, "काका, नुसता चेहरा मोठा करू या ना. भिंतीवर लावायला बरं."

"काही कापायचं नाही. आजूबाजूचं कापलंत तर ती कुठे होती तेच जाईल."

प्रिंट वाळेपर्यंत मी मार्केटात धावत गेले. मावशी बर्फ फोडत होत्या. "मावशी, चला!" एवढंच म्हटलं. त्यांनी टोपली शेजारणीच्या अंगावर टाकली आणि माझ्या पुढे चालायला लागल्या.

काकांनी फोटो टेबलावर मांडून ठेवला होता. मावशींनी तो हातात घेतला नाही, हात ओले होते. वाकून बघत राहिल्या. "नाक," म्हणाल्या. "ह्या बगा नाक. बगा कसं बसकं नाक व्हतं माझे आयचं! आनि ह्या पिंप आयनंच आनलेलं, डोक्यावरना." हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी चाललेलं. मग थोड्या वेळाने जरा खट्टू होऊन म्हणाल्या, "पन बगत नाय कॅमेऱ्याकरं. बाजूलाच बगते."

खरंच. बाकी सगळे समोर बघताहेत, आणि पिंपाशेजारची ती बाई भलतीकडेच.

काकांनी चष्मा पुसला. "मावशी, फोटो काढला तेव्हा तुम्ही कशाच्या कुठे होता?"

"मी? तुमचे डावे हाताला. तुमची दिव्याची पिशवी धरली व्हती ना मी. तुमीच बोललाव, पोरी, जरा धर."

काकांनी फोटोवर बोट टेकवलं, आईच्या डोळ्यांपाशी. मग नजर जात होती तसं ते बोट सावकाश डावीकडे नेलं. पिंपावरून, नवरीवरून, फोटोच्या कडेवरून, पार बाहेर टेबलावर. तिथे थांबवलं.

"इथे होता तुम्ही," काका म्हणाले.

निगेटिव्ह उलटीच राहिली असती तर ती नजर दुसऱ्याच बाजूला गेली असती, जिथे कुणीच नव्हतं.

मावशी त्या रिकाम्या टेबलाकडे बघत बसल्या. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "म्हंजे पलाली नाय ती त्या दिशी. मी उभी व्हते म्हनून थांबली."

काकू आत निघून गेल्या. काकांनी रजिस्टर ओढलं, जुनी ओळ खोडली आणि लाल शाईने नवी लिहिली. मग पिंपाच्या पानावर पट्टी ठेवून सात घरांच्या पुढे आणखी एक घर आखलं, आणि त्यावर लिहिलं, 'बघते'. काका गेले, स्टुडिओ गेला, वह्या आता डोंबिवलीत माझ्या माळ्यावर आहेत, ट्रंकेच्या वर, पंख्याच्या डावीकडे. त्या आठव्या घरात पहिली नोंद आहे ती अशी: 'पिंपाच्या उजवीकडे आई. मुलीकडे बघते. मुलगी फोटोत नाही, माझ्या डावीकडे आहे.'